सुट्टीतली शिस्त

३ मे, रविवार

पोचलो. तलाव मोठा आहे, हवा थंड आहे आणि माणसं खादाड आहेत.

सामान खोलीत टाकून खाली आलो तर जेवणघरात झुंबड. दुपारचं जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता, तरी चहाबरोबर केक मांडले होते आणि पाहुणे असे तुटून पडले होते, जणू उद्यापासून जगातलं पीठ संपणार आहे. सुट्टी लागली की माणूस आधी पायातले बूट काढतो आणि मग लाज. चांगले कर्ते बाप्ये ढेरीवर बशी टेकवून खात होते. एकही जण ताठ बसलेला नाही. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली मी, पाठीचा कणा बघून माणूस ओळखतो. इथे कणे नाहीतच, नुसती गाठोडी ठेवली आहेत खुर्च्यांवर.

इथे यायची कल्पना हिच्या ताईची. त्या टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांना धाकट्या बहिणीबरोबर निवांत राहायचं होतं. मी नको म्हणत होतो. घरी कमावलेलं सुट्टीत गमवायला लोक तिकीट काढून जातात, हे मला कधी कळलेलं नाही. पण हिने लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच हट्ट धरला, म्हणून आलो. अट एकच घातली: घरचा नियम इथेही चालणार. उजाडता उजाडता तलावाला चालत फेरी, न्याहारीला एक उकडलेलं अंडं आणि काकडी, दुपारी सूप आणि उकडलेली भाजी, दिवे लागल्यावर तोंड बंद. ही "बरं" म्हणाली. ही नेहमी "बरं"च म्हणते. हाच तिचा मोठा गुण.

साडू रुंदीला वाढले आहेत. छापखाना चालवतात, दिवसभर खुर्चीत. मला बघताच ओरडले, "या सर, केक घ्या!"

मी म्हटलं, "मी केक खात नाही."

"मग वास तरी घ्या," म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. धरायला आहेच भरपूर. साखरेचा विकार आहे या गृहस्थांना आणि तरी असं हसू येतं!

ताईंनी हिला दारातच मिठी मारली आणि लगेच हातभर लांब धरून बघितलं. "अगं धाकटे, हे काय? निम्मी झालीस!"

मी म्हटलं, "तीन महिन्यांची मेहनत आहे, ताई."

त्या हिला हाताला धरून टेबलाकडे घेऊन गेल्या. दुसऱ्याचं कौतुक करायला मन मोठं लागतं.

घरी सकाळी मैदानावर माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या मंडळींनी मला सुट्टीतल्या व्यायाम-आहारावर एक पुस्तिका लिहायला सांगितली आहे. त्यासाठी इथे जे दिसेल ते टिपत जाणार आहे. साहित्याला तोटा पडेल असं वाटत नाही.

४ मे, सोमवार

पहिली फेरी पार पडली. तलावाकाठचा रस्ता उत्तम आहे आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे लोळत पडलेले. ही अर्ध्यातच मागे पडली, दोनदा बाकावर बसली. पिंढऱ्यांत गोळे येतात म्हणाली. येणारच. स्नायू तयार होताना तक्रार करतात, मुलं करतात तशी. त्यांचं ऐकायचं नसतं.

न्याहारीला जो प्रकार बघितला तो लिहायलाच हवा. साडूंनी खिशातून एक छोटं यंत्र काढलं, सगळ्यांदेखत बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, आकडा बघितला, मान हलवली आणि शांतपणे पावाला लोणी लावायला घेतलं. शेजारच्या टेबलावर नवं जोडपं बसलं होतं, त्यातल्या मुलीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "हे खोलीत करता येत नाही का?"

"येतं की. पण खोलीत एकट्याला कंटाळा येतो," साडू म्हणाले. वर पावाचा अर्धा तुकडा ताईंच्या ताटात टाकून म्हणतात, "माझा कोटा संपला." कोटा म्हणे! ज्याचा पट्टा शेवटच्या भोकाला आला आहे त्याने कोट्याच्या गोष्टी कराव्यात!

हिने मात्र टेबलावरचा पाण्याचा जग एकटीने संपवला. अतिथीगृहाच्या मालकीणबाईंनी दुसरा आणून ठेवला, तोही निम्मा केला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "याला म्हणतात सवय. भूक लागली की पाणी प्यायचं, हे मी शिकवलंय हिला." साडू खाता खाता थांबले आणि हिच्याकडे बघत राहिले. शिकण्यासारखं काही दिसलं की बघत राहावं माणसाने. चांगलं आहे.

६ मे, बुधवार

ताईंशी शब्दाला शब्द लागला.

झालं असं, की फेरीच्या वाटेवर हिला सारखं आडोशाला जावं लागतं. रात्रीही चार-चारदा उठते आणि माझी झोप मोडते. इतकं पाणी पोटात गेल्यावर दुसरं काय होणार! शरीर धुऊन निघतंय, घाण बाहेर पडतेय, हे मी तिला समजावून सांगितलं होतं. पण तिने ते ताईंना सांगितलं. बहिणी एकत्र आल्या की एकीच्या पायात काटा रुतला तरी दोघी लंगडतात.

दुपारी ताईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "भाऊजी, धाकटी खंगलीय. डोळे बघा कसे आत गेलेत. फळ्यावर आज जेवायला काय ते लिहिलंय, तेही तिला नीट वाचता येईना. म्हणते, धुरकट दिसतं."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल. आणि खंगली नाही ताई, उतरलीय. दोन्हींत फरक असतो. तुम्हाला सवय आहे..." मी वाक्य अर्धवट सोडलं.

"कशाची सवय आहे?"

मी व्हरांड्याच्या टोकाला आरामखुर्चीत घोरत पडलेल्या साडूंकडे नुसतं बघितलं. पुरेसं होतं. ताई लाल झाल्या.

"ते जाडे असतील," त्या म्हणाल्या, "पण आपल्याला काय होतंय ते त्यांना ठाऊक असतं. तुम्हाला तिचं ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नसणार तर कोणाला! तिचं वजन, तिचं खाणं, तिची चाल, सगळं माझ्या नजरेखाली आहे. असा नवरा किती बायकांना मिळतो? बाकीच्यांचे नवरे घोरतात.

७ मे, गुरुवार

होडीच्या धक्क्यावर वजनाचं जुनं यंत्र आहे, नाणं टाकलं की छापील चिठ्ठी देणारं. हिला उभं केलं. इथे येऊनही वजन उतरलंय! सुट्टीत, केकांच्या गराड्यात! चिठ्ठीच्या मागे भविष्य छापलेलं: "आपल्या कष्टांना लवकरच फळ येईल." मी मोठ्याने हसलो. यंत्रालाही कळतं.

हिने चिठ्ठी बराच वेळ डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, "अहो, अजून किती?"

मी म्हटलं, "थांबायचा विचार करणारे मागे पडतात."

"बरं," म्हणाली.

९ मे, शनिवार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

दुपारी मी टेकडीवर एकटाच चढून गेलो होतो. ही डोकं दुखतं म्हणून पडून राहिली होती, निदान मला तसं सांगितलं होतं. आभाळ भरून आलं म्हणून लवकर उतरलो. मागच्या दाराने आत आलो, तर स्वयंपाकघरात ही, ताई आणि मालकीणबाई. मधे पावाची लादी, लोणी, जॅमची बरणी. आणि ही खात होती. म्हणजे सभ्य माणसं खातात तसं नाही. एक घास तोंडात, दुसरा हातात, डोळे तिसऱ्यावर. जॅम हनुवटीला लागलेला. ज्या बाईच्या खाण्याचं उदाहरण मी मैदानावर लोकांना देतो ती बाई!

मला बघून ती थांबली. तोंडात घास तसाच.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"भूक लागली होती," ती म्हणाली.

"न्याहारी झाली, सूप झालं. भूक कशी लागेल?"

"लागते हो. सारखी लागते. खाल्लं तरी लागते."

"भूक ही सवय असते. मोडायची असते."

मालकीणबाई उठून भांडी घासायला लागल्या, घासलेलीच भांडी. ताईंनी मात्र लादीतला आणखी एक पाव तोडला, त्याला लोणी लावलं आणि माझ्या डोळ्यांत बघत हिच्या हातात दिला. "खा गं," म्हणाल्या. हिने तो पाव धरून ठेवला. खाल्लाही नाही, टाकलाही नाही. शेवटी मीच तिथून निघालो.

खोलीत येऊन शांतपणे विचार केला. मग ही वर आली आणि कबूल झाली, की इथे आल्यापासून रोज दुपारी असं खाते आहे. पाव, जॅम, परवा तर केकही. तरी वजन उतरलं! म्हणजे बघा, माझ्या फेरीत आणि व्यायामात केवढी ताकद आहे, की चोरून खाल्लेलंही जळून जातं. हे पुस्तिकेत घालायला हवं, चोरीचा भाग वगळून.

जेवणानंतर साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग मानू नका. एकदा धाकटीचं बोट टोचू द्या मला. एक थेंब लागतो. मला आपलं वाटतंय, की..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "तुमचा आजार तुम्ही खाऊन मिळवलाय. आमच्या घरात कोणी तसं खात नाही."

"आज खाताना धरलंत ना?"

"आमच्या घरात ही नाटकं नाहीत," मी म्हटलं. ही जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिने ऐकलं. मी "चल" म्हटलं आणि ती माझ्यामागून वर आली. प्रत्येक पायरीवर थांबत आली, नाराजी दाखवायला.

१० मे, रविवार

आजचा दिवस माझा.

मालकीणबाईंनी विचारलं होतं, की संध्याकाळी पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलाल का. इथे दर रविवारी कोणी गातं, कोणी गोष्ट सांगतं. मी "सुट्टी आणि संयम" असा विषय घेतला. जेवणघर भरलेलं. अर्थात बोलून झाल्यावर आईस्क्रीम आहे असं जाहीर केल्यामुळे भरलेलं, एवढं मलाही कळतं.

चांगलं बोललो. सुट्टीत चालायचं कसं, ताट अर्धं भाजीने भरायचं कसं, दुसऱ्यांदा वाढायला आलेल्याला नाही म्हणायचं कसं. लोक हसले, एक-दोघांनी पोटं आत ओढून घेतली. मग म्हटलं, "हे नुसतं बोलणं नाही. पुरावा देतो." आणि हिला उभं राहायला सांगितलं.

ही उठली. मुद्दाम तिला जुना पोशाख घालायला लावला होता, म्हणजे किती सैल होतो ते दिसावं. खांद्यावरून घसरत होता. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत, नव्या जोडप्यातली ती मुलगी हिच्याकडे टक लावून बघत होती, पण पडल्या. मी म्हटलं, "एक गिरकी घे." तिने अर्धी घेतली, खुर्चीची पाठ धरली आणि खाली बसली. डोळे मिटले. मी लगेच सावरून घेतलं, "कौतुकाची सवय नाही हिला." लोक हसले.

ताई उठून निघून गेल्या. हेवा माणसाला बसू देत नाही.

साडू आईस्क्रीमला थांबले, पण खाल्लं नाही त्यांनी. वाटी समोर ठेवून विरघळू दिली. नाटकी माणूस.

११ मे, सोमवार

रात्रभर हिला उलट्या. पोटात कळा. म्हटलंच होतं! पाव, जॅम, केक, आता भोगा. पहाटे जवळ जाऊन बघितलं तर तोंडाला पिकलेल्या फळांचा वास. चांगला घमघमाट! म्हणजे उलट्या चालू असतानाही काहीतरी गोड तोंडात टाकलंय.

विचारलं, तर म्हणते, "काही नाही खाल्लं."

"वास येतोय."

"नाही खाल्लं हो. पाणी द्या."

खोटं बोलायची सवय तिला नव्हती. ती या घरात लागली. मी पाणी दिलं. तिने ते ओकून टाकलं.

हवेत जाऊन आली की बरं वाटेल. ताईंचं दार बंद आहे तोवर निघतो, नाहीतर पुन्हा तमाशा. अर्धीच फेरी करू. मीही काही राक्षस नाही.

१२ मे, मंगळवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे. दुसरं काही करता येत नाही.

काल ती धक्क्यापर्यंतही पोचली नाही. मी नेहमीसारखा पुढे होतो, हात हलवत, श्वास मोजत. मागे वळून बघितलं तर ती रस्त्यात बसली होती. चिडून परत गेलो. "ऊठ," म्हटलं. ती जोरजोरात श्वास घेत होती, खोल, कोणीतरी मागे लागल्यासारखा. माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती त्या बघण्यात. मला "दादा" म्हणाली. तिचा दादा जाऊन कित्येक वर्षं झाली.

मी तिला उचललं. सहज उचलली गेली. शाळेतल्या लहान पोरी पडल्या-झडल्या की उचलून आणायचो, तशी. पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं, की किती हलकी केली आपण हिला. खरंच वाटलं. दोन पावलं टाकल्यावर मी पळायला लागलो.

घराच्या फाटकात साडू उभे होते, बनियनवर. ताईंना आमची खोली रिकामी दिसली होती. मी काही सांगायच्या आत त्यांनी तिचा हात धरला, तिथेच पायरीवर बसकण मारली आणि बोट टोचलं. मी तिला धरून उभा. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. आकड्यांच्या पलीकडे गेलं होतं. साडूंनी मला काही ऐकवलं नाही. "गाडीत बसा" एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला पळताना बघितलं. बघवत नव्हतं, इतकं वेडंवाकडं पळत होते, आणि मी त्यांच्या मागे होतो.

डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. रक्तातली साखर प्रमाणाबाहेर, त्यातून रक्तात आम्ल साठलंय, म्हणाल्या. मग एकेक विचारायला लागल्या. तहान जास्त लागत होती? हो. लघवीला वारंवार? हो. वजन झपाट्याने उतरलं? हो. खूप भूक? धुरकट दिसणं? पायात गोळे? तोंडाला फळांसारखा वास? सगळ्याला मी हो म्हटलं. वर्गात हुशार पोरगा सगळी उत्तरं फाडफाड देतो तसा.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "हे सगळं तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो."

"मग आणलं का नाही?"

याचंही उत्तर मला येत होतं. मी तिच्यावर खूष होतो. हे कसं सांगणार?

ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आहेत. मधे तीन माणसं मावतील एवढी जागा आहे.

१४ मे, गुरुवार

ती शुद्धीवर आहे. नळ्या आहेत अजून, पण धोका टळला म्हणाले.

मी आत गेलो. म्हटलं, "मला सांगायचं तरी होतंस."

तिने मान वळवली. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. "सांगितलं होतं. भूक लागते म्हणाले. तुम्ही म्हणालात, पाणी पी. थकवा येतो म्हणाले. तुम्ही म्हणालात, चाल. नीट दिसत नाही म्हणाले. तुम्ही गाजर आणलंत." मग म्हणाली, "मी चांगली बारीक झाले का पण?"

मी तिथून बाहेर आलो. जिन्यात साडू सफरचंद खात बसले होते. त्यांनी अर्धं कापून माझ्यासमोर धरलं. मला राग आला. अशा वेळी खातं का कोणी! आणि मग कळलं, की मी कालपासून काही खाल्लेलं नाही आणि हे त्यांनी बघितलेलं आहे. घेतलं नाही मी. घ्यायला हवं होतं.

१६ मे, शनिवार

आहाराचं सांगायला इस्पितळातल्या बाई आल्या होत्या. मी वही-पेन घेऊन तयारीने बसलो, निदान हा तरी माझा प्रांत. त्यांनी सांगितलं, ठरल्या वेळी जेवायचं, उपाशी राहायचं नाही, पाव चालेल पण मोजून, फळ चालेल, अंडं रोज, दोन जेवणांच्या मधे काहीतरी खायचंच. इंजेक्शन बहुतेक कायमचं. चालणं हळूहळू, झेपेल तेवढंच. यात नवं असं काही नव्हतं. साडू हेच करत होते आठवडाभर माझ्यासमोर बसून, मी हसत होतो.

बाई हिला विचारत होत्या, "तुम्हाला आवडतं काय?" आणि मी सांगायला लागलो. सूप, काकडी, उकडलेली...

"अहो," ही म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

इतक्या वर्षांत तिने मला कुठूनही बाहेर काढलं नव्हतं. मी बसलो बाहेर. दाराला काच आहे. आत ती बोटांवर मोजून काय काय सांगत होती, बाई मान हलवत होत्या, ताई हसत होत्या. इतक्या वेळात तिने काय सांगितलं असेल! मला तिच्या आवडीचे दोन पदार्थही नक्की सांगता आले नसते.

१९ मे, मंगळवार

तिला सोडलं आज. सामान गाडीत ठेवताना तिने सांगितलं, की ती ताईंकडे राहणार.

"किती दिवस?"

"ठरवलं नाही."

"औषधपाणी मी बघेन ना घरी. वेळा पाळण्यात मला कोणी शिकवायला नको."

"तेच," ती म्हणाली. "तुम्ही वेळा पाळाल. मला आता काय होतंय ते मीच बघायचंय आधी."

ती इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकलीय. साडूंनी शिकवलं. पहिल्यांदा टोचायला धजेना म्हणे, तर त्यांनी आधी स्वतःच्या ढेरीत टोचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, इथे जागाच जागा आहे." दोघं मिळून हसली. माझ्याबरोबर राहून ती कधी अशी हसल्याचं आठवेना. आठवायचा प्रयत्न केला, हेही लिहून ठेवतो.

मी तिच्यासमोर हात जोडले नाहीत. ते माझ्याच्याने झालं नाही. म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "हो." "बरं" नाही म्हणाली.

२७ मे, बुधवार

घर. मैदानावर गेलो, न जाऊन करतो काय! मंडळी वर्तुळात उभी राहून हातपाय झाडत होती, एखाद्याला मुंग्या चावाव्यात तशी. इतकी वर्षं यांना हे मी करायला लावलं. पुस्तिकेचं विचारलं. लिहिणार नाही म्हटलं. "अहो सर, तुमच्यासारखा अधिकारी माणूस दुसरा कोण आहे?" मी म्हटलं, "कोणीही. रस्त्यावरून कोणालाही धरून आणा."

"वहिनी दिसत नाहीत?"

"बहिणीकडे आहेत."

"आराम चाललाय वाटतं?"

"जेवतायत," मी म्हटलं. ते हसले. माझ्या विनोदांना ते नेहमीच हसतात, म्हणूनच तर मला ते आवडत आले.

संध्याकाळी फोन केला. रोज करतो. परवापर्यंत मी साखरेचे आकडे विचारायचो, ती सांगायची, फोन संपायचा. काल आकडे विचारले नाहीत, तर दोघांनाही बोलायला काही नव्हतं. आज तिनेच उचलला.

"आत्ता नाही बोलता येणार हो. ताट वाढलंय."

"जेव," म्हटलं. "सावकाश जेव."

तिने फोन टेबलावर ठेवला असावा. बंद केलाच नाही, विसरली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साडू काहीतरी म्हणाले, ताईंनी "तुम्ही गप्प बसा" म्हटलं. मग ताटांचे, चमच्यांचे आवाज. मग हिचा, भरल्या तोंडाने, "ताई, ते अजून थोडं वाढ ना."

काय वाढलं ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. ती जेवून उठेपर्यंत फोन कानाशी धरून उभा राहिलो.